तिसऱ्या बशीतली बुरशी

"लास्त्री, तुझी प्रयोगशाळाच घाणेरडी आहे. आधी ती धुऊन काढ," असं म्हणत डॉ. हेंदार्तोंनी तिच्या अहवालावर फुली मारली. ही तिसरी फुली.

एरवी लास्त्री इंडोनेशियातल्या सेमारांगच्या त्या इस्पितळाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेतून वर यायची नाही. आज ती काचेची बशी हातात घेऊन अतिदक्षता विभागात घुसली होती. बशीत हिरवट, लुसलुशीत बुरशी माजली होती. कफाचा नमुना सुगेंगचा, एका बसड्रायव्हरचा. फ्लूनं त्याला व्हेंटिलेटरवर नेलं. फ्लू गेला, ताप जाईना. अँटिबायोटिक तीनदा बदलून झालं.

"प्रयोगशाळा घाण, तर बाकीच्यांच्या बशा स्वच्छ कशा?" लास्त्रीचा आवाज चढला. "तिन्ही वेळा याच्याच बशीत उगवलंय. बुरशी याच्या फुप्फुसात आहे, डॉक्टर!"

"फ्लूनंतर बुरशी? वीस वर्षांत मी नाही पाहिली."

"शोधलीच नाही, तर दिसेल कुठून?"

नर्स जागच्या जागी थबकल्या. लास्त्री थांबली नाही. "फ्लूनं फुप्फुसं सोलून निघालीत, वर तुमची स्टेरॉइडं. त्यात शेजारची भिंत फोडताय, सगळी धूळ आत येतेय. आजच्या आज नळी घालून फुप्फुसातलं पाणी तपासायला पाठवा. नाहीतर ही बशी मी संचालकांच्या टेबलावर नेऊन आपटते."

डॉक्टर लालबुंद झाले. तिची खोड मोडायची म्हणूनच त्यांनी नमुना काढला आणि दुसऱ्या इस्पितळात पाठवला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बुरशीच होती. तासाभरात सुगेंगला औषध सुरू झालं, स्टेरॉइड कमी केलं. भिंतीचं काम थांबलं, दारंखिडक्यांच्या फटी बुजवल्या गेल्या.

सहाव्या दिवशी ताप उतरला. त्या दुपारी डॉ. हेंदार्तो पहिल्यांदाच तळघराच्या पायऱ्या उतरले. हातात गरम लुम्पियांचा, सारण भरून तळलेल्या गुंडाळ्यांचा, डबा होता.

"माझं चुकलं, लास्त्रीबाई," ते म्हणाले. "तुमच्यामुळे माणूस वाचला. पण इतकी खात्री कशी होती हो तुम्हाला?"

लास्त्रीनं डब्याला हात लावला नाही. तिचा संताप अजून तसाच होता.

"मागच्या महिन्यात तुमच्याकडे दाखल असलेल्या त्या शाळेतल्या बाई फ्लूनंतर गेल्या ना, त्यांच्या बशीतही हेच उगवलं होतं," ती म्हणाली. "मी कुणाला सांगितलं नाही. माझीच प्रयोगशाळा घाणेरडी, असं मलाही वाटलं. बशी उचलली आणि फेकून दिली."