शिंपल्यातलं लोह

विळ्याचं टोक शिंपल्याच्या फटीत खुपसून चिंधूने मनगट वळवलं आणि आतलं लिबलिबीत मांस शेजारच्या घमेल्यात टाकलं. घमेलं लोखंडी, जुनं. तळाशी गंजाचं तांबूस पाणी साचलेलं आणि त्यात सकाळपासूनचं मांस भिजत पडलेलं.

आसगावच्या बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावर उभी असलेली डॉ. तृप्ती लांजेवार त्या तांबूस पाण्याकडे बघत राहिली.

अकरा वर्षं ती या शिंपल्यातल्या एका प्रथिनावर काम करत होती. त्या प्रथिनात लोह असतं, हा तिचा शोध. त्याच शोधावर ती प्राध्यापक झाली होती आणि पुढच्या महिन्यात तिची विद्यार्थिनी हर्षा पीएचडी होणार होती. प्रयोगशाळेत कुणी लोखंडाची टाचणी आणलेलीसुद्धा तिला खपत नसे. चमचे प्लास्टिकचे, काचेची भांडी आम्लाने धुतलेली. पण बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेला तसल्याच शिंपल्यात लोह काही सापडेना. तुम्ही नमुने गोळा कसे करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा कुठे बाईसाहेबांचे पाय पहिल्यांदा बोडीला लागले.

"मी दिलेले पांढरे डबे कुठे आहेत?" तिने चिंधूला विचारलं. अकरा वर्षं तिचे नमुने तोच भरून देत होता.

"हायेत ना जी घरी. बायकोनं तिखट-मीठ भरलं त्यायच्यात. एवढे चांगले डबे शिंपल्यायनं कोन नासवते? तुमची गाडी आली का एक डबा धुतो अन् त्यात भरून देतो."

आडात नव्हतं ते अकरा वर्षं पोहऱ्यात येत होतं.

तिने बाजूला जाऊन पुंडलिकराव सरांना फोन लावला. सर तिचे गुरू. परीक्षानळी हातात धरून त्यांना जमाना झाला होता, पण प्रत्येक शोधनिबंधावर पहिलं नाव त्यांचंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते हसले.

"मग बरंच झालं की. बंगळुरूवाल्यांना नमुना पाहिजे ना? याच माणसाकडून डबा भरून घे अन् दे पाठवून. सापडेल त्यांना लोह."

"सर, पण ते गंजाचं आहे."

"अन् हर्षाला काय सांगशील? पाच वर्षं घमेल्यावर पीएचडी केली म्हणून?"

तिला गुरू म्हणवणाऱ्या त्या माणसाची शिसारी आली. वरणात मीठ कमी पडलं तर चिमूटभर टाक, इतक्या सहज बोलला होता. तिने फोन ठेवला आणि तिच्या लक्षात आलं, आपल्याला हायसं वाटतंय. मग सरांची आली नव्हती एवढी किळस तिला स्वतःची आली. ती झुडपाआड थुंकली, पुन्हा थुंकली, तरी तोंडाची कडवट चव जाईना.

ती परत आली तेव्हा चिंधू हात थांबवून तिच्याकडेच बघत होता.

"मॅडम, आमच्या हातून काई चुकलं का जी? सांगा, तुमी म्हनान तसं करू. नवा इळा बी हाये घरी."

तृप्तीने ओढणीने तोंड पुसलं.

"नवा नको," ती म्हणाली. "आज आणखी एक डबा लागेल. जसं करता तसंच करा."