गुलाबाची तोंडं

पुनमनं अहेरीच्या घरी अंगणात लाल गावठी गुलाब लावला. पावसाळा सरता सरता झुडूप कमरेएवढं झालं आणि फुलांचा वास गल्लीभर जाऊ लागला.

ही फुलं उन्हाकडे वळत नाहीत, हे आधी तिच्या सासूच्या, वच्छलाबाईंच्या लक्षात आलं. पुनम ओट्यावर बसली की त्यांची तोंडं ओट्याकडे असत. ती विहिरीवर गेली की थोड्या वेळानं विहिरीकडे.

"पुनम, हे तुलेच पाहून राह्यले वो. तोडून टाक."

"वाऱ्यानं हालत असन, आई," ती हसली. पण त्या दिवसापासून तिला अंगणात जायची भीती वाटू लागली.

शेवटी एका दुपारी, सासू बाजारात गेल्यावर, तिनं फाटकाला आतून कडी लावली आणि विळा घेऊन ती झुडपापुढे उभी राहिली. पानसुद्धा हलत नव्हतं.

आज फुलं तिच्याकडे पाहत नव्हती. सगळी तिच्या खांद्यावरून मागे, जरा उंचावर वळलेली होती.

"आई, आल्या का?"

पुनमला मान वळवता येईना.

मग फुलं हळूहळू खाली झुकू लागली, मागचं कुणी वाकत असावं तशी, आणि त्यांची नजर तिच्या कानापाशी येऊन थांबली.