नाकावरचा उंचवटा

बासष्ट साली कंटोन्मेंटातल्या डॉक्टरांनी माझ्या धाकट्या बहिणीच्या, भाग्यलक्ष्मीच्या नाकावरचा उंचवटा आतूनच स्वल्प घासला. बाहेर ओरखडाही नाही, आणि दिसायला केवढी देखणी! माझं नाकही तसंच, अप्पांसारखं. पण माझं लग्नाचं वय उलटलं म्हणून मला कुणी विचारलंच नाही.

तिला बघायला पाहुणे आले, तेव्हा आई म्हणाली, "सोयरा, तू स्वयंपाकघरातच थांब. तुझं नाक बघून त्यांना कळेल."

माझा नुसता जळफळाट झाला. मीच कॉफी घेऊन बाहेर गेले. "मी हिची अक्का. हिचंही नाक असंच होतं."

मुलाची आई हरखली. "अगबाई, आमच्या घरात सगळ्यांचं असंच!"

मुलानं मान वर केली आणि माझ्याकडे बघून हसला. त्याचंही नाक तसंच होतं.

"अक्का," भाग्यलक्ष्मी म्हणाली, "तू आत जा."