फक्कीची रेघ

रेघ सरळ होती.

इंजिनिअर सुकन्याने स्कुटी तशीच उभी केली आणि ओढ्याकडे धावली. काल दिवसभर उन्हात मोजणीच्या दुर्बिणीतून बघत तिने खणायच्या जागेवर चुन्याची फक्की मारून घेतली होती. दोन वळणांची रेघ, एक डावीकडे, एक उजवीकडे. आता तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पांढरी सरळ रेघ. वळणांच्या जागची माती झाडून काढलेली. उपटलेल्या खुंट्या बांधावर नीट रचून ठेवलेल्या.

पोकलेन येऊन उभं होतं. मशीनवाला आदिनाथ आत बसून तंबाखू मळत होता.

"सुरू करू का मॅडम?"

"थांबा! ही रेघ माझी नाही."

"कुनाची का असंना. करारात काय लिवलंय? फक्की दिसंल तिथं खनायचं. मला फक्की दिसती." त्याने चिमूट ओठात सोडली. "उद्या मशीन शेवगावला जातंय. आज न्हाई तर मग पावसाळा झाल्यावर बघा."

सरळ खणायचं म्हणजे काम निम्मं. त्याला ते गोडच होतं.  नऊ वर्षांपूर्वी असंच एक मशीन आलं होतं आणि वळणावळणाचा हा ओढा सरळ करून गेलं होतं. तेव्हापासून पाणी येतं तसं पळून जातं. संक्रांत झाली की काठच्या विहिरींना तळ दिसतो. आता तीच चूक पुन्हा व्हायची, आणि या वेळी तिच्या सहीने.

ओढ्याकाठचा शेतकरी छगन खोरं घेऊन रानात निघाला होता. ती सरळ त्याच्या आडवी गेली. खरं तर तिच्या पहिल्या नकाशात तीन वळणं होती. तिसरं छगनच्या रानात म्हशींसाठी लावलेल्या घासातून जात होतं. तो नाही म्हणाला म्हणून तिने ते जड मनाने खोडलं होतं.

"हे तुमचंच काम आहे ना? काल तुम्हीच म्हणालात, वळण करून तर बघा!"

"मॅडम, तोंड सांभाळून!" छगनने खोरं खाली आपटलं. "माझ्या रानातलं न्हाई म्हनलो मी. तोंडावर म्हनलो. लोकाच्या रानातलं पुसायला मी काय चोर हाय का?"

मागे इंजिन धडधडलं. आदिनाथने बकेट उचलली. सुकन्या पळत गेली आणि मशीनपुढे उभी राहिली. 

"घाला माझ्या अंगावर!"

"ए मेल्या, बंद कर ते!" बांधावरून आवाज आला. छगनची आई, रतनबाई, डोक्यावर उरलेल्या फक्कीचं घमेलं घेऊन झपाझप खाली उतरली. "रेघ मी केलीया."

इंजिन बंद पडलं. 

"काल बघत हुते मी," रतनबाई सुकन्याला म्हणाली. "तुझी रेघ पार पिल्यावानी झोकांड्या खात चालली हुती. म्हनलं, लेकराला ऊन लागलं. आता सायब हिला फाडून खातील. रोजगार हमीवर बारा वर्सं फक्की मारलीय मी. पहाटं आले, सुतळी धरली, दिली नीट करून."

शाबासकी कधी मिळते म्हणून ती बघत होती. सुकन्याला हसावं की रडावं कळेना.

"आजी, ती वाकडीच हवी होती. वळणावर पाणी दमतं, मुरतं. सरळ ओढ्यातून पळून जातं."

रतनबाईने घमेलं खाली ठेवलं. ओढ्याकडे हात केला.

"म्हंजे आदी हुता तसा करायचाय व्हय? अगं, मी लगीन होऊन आले तवा तीन वळनं हुती हितं. तू दोनच का काढली?"

"तिसरं तुमच्या घासातून जातं. छगनराव नाही म्हणाले."

"छगन, सातबाऱ्यावर नाव कुनाचं हाय?"

"आई, आता हितं कशाला..."

"कुनाचं?"

"तुझं."

"मग मला कुनी इचारलं? तू इचारलं? हिनं तरी इचारलं?"

 सुकन्या तीनदा त्यांच्या घरी गेली होती. तिन्ही वेळा छगनशी बोलली होती, आणि तिन्ही वेळा रतनबाईने चहा आणून दिला होता.

रतनबाईने पायानेच रेघ मोडली आणि घमेल्यात हात घातला. सुकन्या नकाशा घेऊन मागे निघाली. "आजी, दोन पावलं आत." "बरं." पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला रतनबाईने कुणाला विचारलं नाही. पदर खोचला आणि हिरव्यागार घासात शिरली.

छगन धावत पुढे आला. "आई, म्हशी खातील काय?"

"आन पितील काय?"

छगन बाजूला झाला.

फिरून आली तेव्हा ती कोपरापर्यंत पांढरी झाली होती. सुकन्याने संमतीचा कागद काढला आणि शाईचं पॅड शोधायला पिशवीत हात घातला. तेवढ्यात रतनबाईने अंगठा दाबूनही टाकला. फक्कीने भरलेला अंगठा.

आदिनाथने वरून वाकून बघितलं. "म्हातारे, काय बी उठलं न्हाई. कागद कोराच हाय. तिसरं वळन आपन न्हाई खननार."

रतनबाईने कागदाकडे बघितलंही नाही. हात झटकले आणि घासाकडे बोट केलं.

"फक्की दिसती न्हवं?"