मुकुलसाठी खोली

मागच्या खोलीची खिडकी काही केल्या उघडेना. शेवटी लीलाबाईंनी स्वयंपाकघरातून बत्ता आणून चौकटीवर ठोके घातले, तेव्हा ती धाडकन उघडली आणि समुद्राचा वारा आत शिरला. इतकी वर्षं बंद असलेल्या खोलीत पलंगावरची चादर फडफडली. लीलाबाई एकट्याच हसल्या.

"मरियम, उघडली गो."

शेजारची मरियम सकाळपासून मदतीला आली होती. पलंगावरचा नवा निळा शर्ट उचलून तिनं विचारलं, मुकुलच्या अंगाला येईल ना? लीलाबाई म्हणाल्या, अंदाजानंच घेतला. जाळीपलीकडून माप कसं कळणार? काय खायला आवडतं ते मात्र त्यांनी मागच्या भेटीत विचारून घेतलं होतं. कुळथाची पिठी आणि भात. पिठी गॅसवर रटरटत होती.

त्यांचा स्वतःचा उपास होता. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारची उपासना संपेपर्यंत त्या तोंडात काही घालत नसत. येशूला क्रूसावर दिलं त्या दिवशी आपल्याला एवढा आनंद व्हावा हे बरं का, असं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. पण हात थांबले नाहीत.

मुकुल आज सुटणार होता.

त्यानं दारू पिऊन जीप चालवली होती आणि मिऱ्याच्या रस्त्यावर सायकलवरून घरी निघालेला कॉलेजातला एक मुलगा जागच्या जागी गेला होता. खटला चालला, शिक्षा झाली. त्यानंतर लीलाबाई समोरून आल्या की लोक बोलता बोलता थांबायचे. त्यांनी बाजारात जाणं सोडलं. पुढे चर्चलाही जाईनात. आणि मग एका सकाळी त्या उठल्या, साडी बदलली आणि तुरुंगात भेटीला जाऊन बसल्या. पुढच्या वेळीही त्या गेल्या, आणि जातच राहिल्या.

हे सगळं त्यांच्या मुलीला, मनस्विनीला, सोसत नव्हतं. ती चिपळूणला बँकेत होती, सुट्टी म्हणून आदल्या दिवशी आली होती. खिडकी उघडल्याचा आवाज ऐकून ती दारात येऊन उभी राहिली.

"शिक्षा भोगली, मान्य," ती म्हणाली. "पण क्षमा त्यानं कमावली कुठं?"

"कमावली असती तर ती मजुरी झाली असती, मनू. मग तिला कृपा कशाला म्हणायचं?"

"म्हणजे जे झालं ते झालंच नाही?"

लीलाबाईंनी पदराला हात पुसले. "झालं. म्हणून तर क्रूस लागला. काही झालंच नसतं तर येशूनं खिळे कशाला सोसले असते? आपलं सगळं त्यानं अंगावर घेतलं, तेव्हा सुटका झाली. मुकुलची झाली, तशी माझीपण."

मनस्विनी खोलीकडे बघत राहिली. तो इथं झोपणार असेल तर आपण दुपारच्या एसटीनं परत जातो, एवढं सांगून ती बाहेर पडली. लीलाबाईंना तिच्यामागं धावावंसं वाटलं. पण वेळ झाली होती. शर्ट पिशवीत घालून त्या रिक्षात बसल्या.

तुरुंगाच्या दारात ऊन मी म्हणत होतं. आधी एक जण सुटून आला, त्याला त्याच्या बायकोनं मिठीच मारली. मग आणखी एक म्हातारा आला. मुकुल काही येईना. कागदात काही अडलं का? की मागच्या मागं कुठं निघून गेला?

शेवटी दारावरचा शिपाई त्यांच्याजवळ आला. "आजी, त्याचं सगळं झालंय. पण तो बाकड्यावरून उठतच नाही. तुम्हाला तोंड दाखवायची हिंमत नाही म्हणतो."

"त्याला सांगा, पिठी गार होतेय. आणि तो येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

शिपायाला हसू आलं. तो आत गेला. थोड्या वेळानं मोठ्या दरवाज्यातलं छोटं दार उघडलं आणि मान खाली घातलेला मुकुल वाकून बाहेर आला. तो पायांशी बसायला गेला, पण लीलाबाईंनी त्याचे दोन्ही दंड धरून त्याला वर उचललं. संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला जातो, तिथं कुणी ओळखत नाही, असं काहीसं तो पुटपुटला. त्या म्हणाल्या, आधी चर्चला चल, मग जेवू, मग बोलू. त्यांनी शर्ट पुढे केला. तो त्याला फारच ढगळ झाला. दोघंही त्या शर्टाकडे बघून पहिल्यांदा हसले.

चर्च भरलं होतं. दारातून दोघं आत आले तशा माना वळल्या. वेदीवरून पाळक त्या चोराबद्दल सांगत होते, जो येशूच्या शेजारी क्रूसावर टांगला होता, ज्याच्याकडे आता एकही चांगलं काम करायला वेळ उरला नव्हता, आणि तरी ज्यानं येशूकडे कृपा मागितली आणि ज्याला ती मिळाली. मुकुलचा पाय अडखळला. लीलाबाईंनी त्याचं मनगट आणखी घट्ट धरलं आणि पुढं चालत राहिल्या.

तिसऱ्या बाकावर मनस्विनी बसली होती. तिनं एसटी सोडून दिली होती. तिचे डोळे लाल होते.

तिच्या शेजारी कोल्हापूरहून पाहुण्या म्हणून आलेल्या एक बाई होत्या. त्यांना इथलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी लीलाबाईंनी धरलेल्या त्या हाताकडे बघितलं आणि मनस्विनीच्या कानाशी वाकून विचारलं, "भाऊ का गं तुझा?"

"नाही. माझा भाऊ यांच्या जीपखाली गेला," मनस्विनी म्हणाली, आणि सरकून तिनं बाकावर जागा केली. "बसा, मुकुल."