खट्

"एसीत गॅस भरपूर आहे," मीटरच्या नळ्या गुंडाळत उस्ताद म्हणाले. "म्हणजे कॉम्प्रेसर गेला. नवा टाकावा लागेल."

निळ्या गाडीच्या मालकीणबाई बाकावर मासिक वाचत बसल्या होत्या. केस पिकलेले, पाठ ताठ.

"नवा काय, कोणीही टाकेल," त्या म्हणाल्या. "इथे दुरुस्ती होते असं ऐकलं होतं."

गॅरेजच्या मालकांनी कपाळावरचा घाम पुसला. उस्तादांना न जमलेली गाडी त्यांनी आजवर पाहिलीच नव्हती. हा एसी मात्र दोन तासांपासून नुसता गरम वारा फेकत होता.

"त्या काउंटरवरच्या मुलीला बघू द्या की," मासिकातून डोकं न काढता बाई म्हणाल्या. "मी आल्यापासून तिचं लक्ष पावत्यांपेक्षा या बॉनेटमध्येच जास्त आहे."

गॅरेजभर हशा पिकला. सगळ्यांच्या माना काउंटरकडे वळल्या.

तिला तिथे पावतीबाईच म्हणत. अकरा वर्षं ती कार्बन घालून पावत्या फाडत होती आणि जेवणाच्या सुट्टीत चार घास पोटात ढकलून उस्तादांच्या मागे उभी राहत होती. गाडीत एसी असणं अजून अपूर्वाईचं होतं, तेव्हापासून तिने त्यांचे हात पाहिले होते. आता उस्ताद महिनाअखेरीस काम सोडणार होते. तिने त्यांची जागा तीनदा मागितली. तिसऱ्या वेळी मालक वैतागून सगळ्यांदेखत म्हणाले, "उस्तादांना न जमलेली एक गाडी करून दाखव. एसीचं काम तुझं!"

महिना संपायला दोन दिवस उरले होते.

"शब्द दिलाय तुम्ही, मालक," उस्तादच म्हणाले. "बघू दे तिला. आता आणखी काय बिघडणार आहे?"

पावतीबाईने बाह्या वर सारल्या. ती सरळ बॅटरीशेजारच्या खोक्याकडे गेली आणि त्यातून काडेपेटीएवढी काळी डबी उपटून काढली.

"रिले आहे ती," उस्ताद मालकांना म्हणाले. "कॉम्प्रेसरची वीज तिच्यातून चालू-बंद होते. मी नाही कधी तिच्या वाटेला जात. जातो तो गॅस, नाहीतर कॉम्प्रेसर."

डबीला चार पाय होते. तिने एकेक पाय नखाने खरवडला, पुसला, पुन्हा खरवडला. मग डबी जागेवर बसवून ऐटीत म्हणाली, "लावा एसी."

मालकांनी इंजिन सुरू करून एसी लावला. गरम वारा आला. कॉम्प्रेसर सुरू होताना 'खट्' असा जो आवाज येतो, तो काही आला नाही.

तिचा चेहरा उतरला. डबी पुन्हा काढून तिने उजेडात धरली, उलटसुलट केली. मग बाकाकडे पाहिलं. बाईंनी मासिकाचं पान उलटलं आणि तेच पान परत मागे उलटलं.

"काय पावतीबाई, झालं का?" मागून कोणीतरी म्हणालं. "पावती फाडायची?"

क्षणभर वाटलं, ती काउंटरकडे परत जाणार. पण तिने डबी पुन्हा बसवली, उस्तादांच्या पेटीतला तपासणीचा दिवा उचलला आणि कॉम्प्रेसरपर्यंत जाणाऱ्या वायरला लावला. दिवा पेटला.

"वीज येतेय," ती पुटपुटली. "खरंच येतेय!"

मग ती वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. कॉम्प्रेसरच्या तोंडावर एक पोलादी चकती असते. एसी लावला की चुंबक तिला ओढून फिरत्या पुलीला चिकटवतं आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. ही चकती जागची हलत नव्हती.

"हातोडीचा लाकडी दांडा द्या," ती म्हणाली.

"मारामारी करणार काय गं?" मालक घाबरले.

तिने दांड्याच्या टोकाने चकती हलकेच पुलीकडे ढकलली.

खट्!

कॉम्प्रेसर फिरू लागला. तिने एसी बंद करून पुन्हा लावायला सांगितलं. आवाज नाही. पुन्हा ढकललं. खट्!

"चुंबक चांगलं आहे, कॉम्प्रेसरही चांगला आहे," ती म्हणाली. तिचा आवाज आता कुणाची परवानगी मागत नव्हता. "चकती झिजून मधली फट वाढलीय. एवढ्या लांबून चुंबकाला ती ओढवत नाही. बंद करा इंजिन."

मधला बोल्ट सोडून तिने चकती बाहेर काढली. मागे कागदासारख्या पातळ दोन वॉशर होत्या. चकती पुलीच्या जवळ यावी म्हणून एक काढून घेतली, चकती परत लावली, फटी मोजायच्या उस्तादांच्या पोलादी पात्यांनी फट सगळीकडून मोजली.

"लावा."

खट्!

कोणी दांडा लावला नव्हता. पाच मिनिटांत गाडीतून गार वाऱ्याचा असा झोत आला की मालक सीटवरून उठेनात. दहा वेळा एसी बंद केला, दहा वेळा लावला. दहाही वेळा खट्! शेवटी शेवटी तर सगळं गॅरेज एका सुरात मोजत होतं.

उस्तादांनी पात्यांचं पाकीट उचलून तिच्या हातावर ठेवलं. "ठेव तुझ्याकडेच. आणि पुढच्या गाडीपासून आधी गॅस बघायचा नाही, कळलं? ती माझी खोड होती."

"आता पावत्या कोण फाडणार?" मालक म्हणाले.

"ते तुम्ही बघा," एसीची मिस्त्रीण म्हणाली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा निळी गाडी दारातच उभी होती. तिने धावत जाऊन आत्याला मिठी मारली आणि मग तिलाच फैलावर घेतलं.

"आत्या, डबीच्या कुठल्या पायाला लावलं होतंस गं वीज अडवायला ते बिनरंगी नेलपॉलिश? चारही पाय खरवडले मी! उस्ताद रिलेला हात लावत नाहीत म्हणून तर तसं ठरवलं होतं ना आपण? जीव गेला होता माझा तिथे!"

"गॅरेजच्या कोपऱ्यावर गाडी थांबवून लावणार होते," आत्या म्हणाली. "पण त्याच्या अलीकडच्या चौकातच एसी आपणहून बंद पडला."

तिने पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. झाकणावरचं सील तसंच होतं.