‘विल’ की ‘गोइंग टू’

“डॉक्टर नक्की काय म्हणाले?” बायकोनं मास्तरांना विचारलं.

परदेशातून आलेले डॉक्टर तिच्या पलंगाशी दोन मिनिटं थांबून नुकतेच बाहेर पडले होते. ते इंग्रजीतच बोलत. साडेआठला ते तिच्या हृदयाची झडप बदलणार होते. आता सव्वाआठ झाले होते.

“बरी होशील म्हणाले,” मास्तर म्हणाले.

“ते कळलं हो. पण कसं म्हणाले? ‘विल’ की ‘गोइंग टू’?”

मास्तरांनी चौतीस वर्षं घरातच इंग्रजी व्याकरणाच्या शिकवण्या घेतल्या होत्या. त्याच खोलीत खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन असे. मुलं पाठ ऐकायची, ती कॉलरी शिवायची. मास्तर भविष्यकाळावर आले की मशीन थांबायचं. बाकीच्या काळांत तिला रस नव्हता. होऊन गेलेल्याचं काय एवढं ऐकायचं, म्हणायची. आभाळ भरून आलंय, खूण समोर दिसतेय, तर ‘गोइंग टू’. नुसताच आपला अंदाज असेल तर ‘विल’. एवढं तिला मुलांपेक्षा पक्कं ठाऊक होतं.

“‘गोइंग टू’ म्हणाले,” मास्तर म्हणाले.

तिनं चष्म्यावरून पाहिलं. शेजारच्याच्या वहीत डोकावणाऱ्या पोराकडे मास्तर स्वतः असंच बघायचे.

“मला ‘विल’ ऐकू आलं.”

मास्तरांनी तिच्या पायावरची चादर सारखी केली. ती सारखीच होती.

“‘विल’नं वचनसुद्धा देतात,” शेवटी ते म्हणाले. “तो वेगळा नियम आहे.”

“डॉक्टर कशाला वचन देतात? आज त्यांच्याकडे माझ्यासारख्या तिघीजणी आहेत.” ती हसली. हसताना दम लागला, म्हणून जरा थांबली. “वचन द्यायचं तर घरच्या माणसानं द्यावं.”

मास्तरांनी घसा खाकरला. मराठीत ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नसतं.

“आय विल बी हिअर,” ते म्हणाले. “तू डोळे उघडशील तेव्हा.”

“हे आत्ता ठरवलंत?”

“म्हणजे?”

“बोलता बोलता ठरवलं असेल तर ‘विल’. आधीपासून ठरलेलं असेल तर...” तिनं वाक्य अर्धवट सोडलं. रिकामी जागा भरायला देतात तसं.

चौतीस वर्षांत त्यांची चूक कुणी काढली नव्हती.

“आय ॲम गोइंग टू बी हिअर,” मास्तर हळूच म्हणाले.

“हां! आता कसं.” तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. तिची बोटं गार होती. “आणि साडेआठचं काय?”

“त्याला साधा वर्तमानकाळ. गाडी सुटते, शाळा भरते. वेळापत्रक ठरलेलं असतं. तिथे आपलं काही चालत नाही.”

“मग ते राहू दे.”

नर्स चाकांची खाट घेऊन आली. “चला, मावशी.”

तिनं चष्मा काढून मास्तरांच्या वरच्या खिशात घातला आणि खिसा थोपटला. खाटेची कडा धरून मास्तर लांबलचक बोळातून चालत गेले. एक चाक कुरकुरत होतं. शेवटच्या दारापाशी नर्स म्हणाली, “काका, इथून पुढे नाही.”

मास्तरांचा हात सुटता सुटेना. तो तिनंच सोडवला. मान किंचित उचलली. चष्म्याशिवाय तिला त्यांचा चेहरा नीट दिसत नसावा, पण ती बरोबर त्यांच्याकडेच बघत होती. दूध उतू जाईल म्हणून बोलता बोलता आत पळताना म्हणायची, तशा सुरात ती म्हणाली,

“आलेच हं.”

अजून ती आत गेलीही नव्हती, आणि परत येण्याचं क्रियापद भूतकाळातलं होतं.

दार मिटलं. मग मिटल्या दाराकडे बघत मास्तर म्हणाले, “बरोबर.”